नारळ कुणाच्या ओटीत

“दोष गाईंचा न्हाई, हे कशावरनं?”

केदारबुवांनी विचारलं आणि डॉक्टर विश्वंभर धायगुडे हसले. इतका सोपा प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता.

“तीन गाई आहेत बुवा. तिन्ही वेळेवर माजावर येतात. मी स्वतः तपासल्यात, कुठं खोट नाही. तरी एकही गाभण राहत नाही. मग उरलं कोण?”

“वळू?”

“वळूच.”

नदीकाठच्या त्या मठात वळू एकच होता. सरदार त्याचं नाव. देखणा खिलार, पण नवसाला येणारा जो तो त्याला काहीतरी भरवायचा. शिरा, पोळी, पेढे. घाईतले भक्त तर शिरा पिशवीतून काढायचीही तसदी घेत नसत, पिशवीसकट त्याच्यापुढे टाकून मोकळे होत. सरदार पिशवीही गिळायचा. अंग असं सुटलं होतं की उठताना त्याला धाप लागे.

त्याला तपासून ओट्यावर चढताना डॉक्टरांनाही धाप लागली होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे, आणि पंचक्रोशीत नावाजलेले. त्यांनी तपासल्याशिवाय तिथं कुणी वळू विकत घेत नसे. लहानपणीच त्यांनी बुवांचा अनुग्रह घेतला होता. मठाची जनावरं ते भक्तिभावानं बघत, आणि आपण ती भक्तिभावानं बघतो हे चार लोकांच्या कानावर जाईल एवढी काळजीही घेत.

आज सोमवार होता, म्हणून पत्नी कालिंदीही बरोबर आली होती. लग्नाला दहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी कालिंदीच्या सगळ्या तपासण्या केल्या, त्या चांगल्या आल्या. “आता मिस्टरांना पाठवा,” असं त्या म्हणाल्या, तेव्हा विश्वंभर असे काही भडकले की तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. त्याऐवजी सोमवार सुरू झाले. कालिंदी दिवसभर निरंकार राहायची आणि संध्याकाळी मठात येऊन बुवांच्या हातचा नारळ ओटीत घ्यायची. आताही ती खांबाला टेकून बसली होती. तोंड पार सुकलं होतं.

सेवेकऱ्यानं नाक्यावरून चहा आणला. वाफाळता, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला. डॉक्टरांनी तो प्लास्टिकच्याच पेल्यात ओतून घेतला. प्रसादाच्या शिऱ्याचं ताट कालिंदीच्या समोरून त्यांच्यापुढे आलं. त्यांनी ते बघता बघता संपवलं आणि आणखी आहे का, असं विचारलं. सेवेकरी दुसरं ताट वाढायला आत गेला.

“वळूला झालंय तरी काय?” बुवा म्हणाले.

“अंगावर चरबी चढलीय. चरबी वाढली की नराचे हार्मोन घटतात, बीज मंदावतं. दिसायला जनावर कसं भरदार! आत मात्र बोंब.”

“आन् त्या पिशव्या?”

“त्या तर आणखी वाईट.” डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला. “प्लास्टिकमध्ये रसायनं असतात. त्यांतली काही अंगात गेली की हार्मोनच्या कामात लुडबुड करतात. पदार्थ गरम असला, तुपातेलाचा असला, की जास्तच उतरतात. नेमका किती फटका बसतो ते शास्त्रज्ञ अजून शोधतायत. पण संशय दाट आहे, टाळलेलं बरं.”

“हे जनावराचं झालं. माणसाचं?”

“माणसाचंही तेच. उलट माणसांवर अभ्यास जास्त झालाय.”

“अस्सं.”

बुवांनी पुढं विचारलं, “मग सरदार सुधारंल का?”

“बऱ्याचदा सुधारतात. लाड बंद करा, रोज रानात फिरवा, पिशव्या तोंडाला लागू देऊ नका. काही महिने जातील. पण आधी त्याचं बीज तपासायला हवं. तपासल्याशिवाय औषध देणं म्हणजे आंधळा कारभार.”

“आमी दोन वर्षं गाईंनाच औषधाचा पाला चारला की वं.”

डॉक्टर मोठ्यानं हसले. “गाई बिचाऱ्या! त्यांना कशाला कडू पाला?”

बुवा हसले नाहीत…

ओटीची वेळ झाली. कालिंदी उठली, पुढे येऊन तिनं पदर पसरला. बुवांनी नारळ उचलला, त्याला हळदीकुंकू लावलं आणि ते तिच्या बाजूनं सरळ पुढे गेले. डॉक्टरांसमोर जाऊन थांबले.

“डॉक्टर, शर्ट पसरा.”

“माझा?”

“पसरा.”

गुरूची आज्ञा. डॉक्टरांनी शर्टाचं टोक पुढे धरलं. पोटावर ताणलेला शर्ट धड पसरेना, तरी बुवांनी तेवढ्यात नारळ ठेवला. वर मूठभर तांदूळ घातले. दारात बसलेल्या दोन म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

डॉक्टरांचे कान लाल झाले.

“बुवा, ओटी बायकांची भरतात.”

“व्हय. आन् पाला गाईंना चारतात.”

म्हाताऱ्यांचे पदर तोंडावरून खाली आले.

नारळ खाली ठेवावा आणि तडक निघून जावं, असं डॉक्टरांच्या मनात आलं. पण आत्ताच आपण काय काय बोललो ते एकेक करून आठवायला लागलं. हातातल्या पेल्याच्या तळाशी चहा उरला होता. त्यांनी पेला बाजूला ठेवला.

“विश्वंभरा,” बुवा म्हणाले. त्यांनी नावानं हाक मारली की डॉक्टर आपोआप लहान होत. “परवा तुझी आई येऊन गेली. सुनेत दोष हाय म्हणली. सुनेनं आपल्या तोंडानं कबूल केलंय, म्हणली.”

डॉक्टरांनी कालिंदीकडे पाहिलं. “तू? तुझ्या तपासण्या तर…”

“मग काय सांगणार होते, अहो?” कालिंदी हळूच म्हणाली. “तुम्ही तपासायला गेला नाहीत, हे सांगू? सासूबाईंच्या तोंडून ते गावभर झालं असतं. लोक तुम्हाला वळू तपासायला बोलावतात. माझं काय, मला कोण विचारतंय…”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं, त्यांनाही भांडता आलं असतं. आईचे टोमणे, बारशाला शेवटी मिळणारं बोलावणं, हे उपास, हे सगळं ही बाई त्यांची अब्रू राखण्यासाठी सोसत आली होती, आणि ते शेजारी बसून शिरा खात आले होते. त्यांना लाज वाटली. पण लाजेहून मोठं असं काहीतरी आतून भरून आलं. आपल्याला इतकं आपलं मानणारं कुणी आपल्याच घरात आहे आणि आपल्याला पत्ताच नाही! डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी ओटी धरली होती.

“कालिंदी, उद्या तालुक्याला जातो. तपासून घेतो.”

“दोघं जाऊ,” ती म्हणाली. मग त्यांच्या शर्टाकडे बघून तिला हसू आलं, खूप दिवसांनी आलेलं. “नीट धरा, सांडेल.”

“बुवा…” डॉक्टर म्हणाले. “काय निघेल, सुधारेल की नाही, मला ठाऊक नाही. मूल होईल न होईल. पण हिचे उपकार मी कसे फेडू?”



एवढ्यात सेवेकरी शिऱ्याचं दुसरं ताट घेऊन आला आणि सवयीनं डॉक्टरांकडे वळला. बुवांनी हात आडवा घातला, ताट त्याच्या हातून घेतलं आणि कालिंदीसमोर ठेवलं.

“पोरी, तू जेव आता.”