पिटीआत्याला हवी नुसती तार

एक होती उंदरी. नाव तिचं पिटी. एवढीशी. बोटाएवढी.

आज पिटीच्या भाच्याचं बारसं! पण दादाचं बीळ डोंगरापलीकडे. पिटी जाणार कशी? काही काळजी नाही. पिटीच्या बिळात इंटरनेट होतं. पडद्यावर बाळ दिसणार. आत्या बाळाचं तोंड बघणार. कुर्र्र करून नाव ठेवणार. आत्याशिवाय बारसं कसलं?

पिटी वाट बघत बसली. बसल्या बसल्या दात शिवशिवले. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम. कट्!

पडदा काळा झाला.

"अगंबाई! ही तर इंटरनेटची तार! माझीच तार मीच कुरतडली!"

आता काय बोलावं? उंदराचे दात ते. गप्प कसे बसतील?

पिटी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली माकडशेठच्या दुकानात.

"माकडशेठ, माकडशेठ, इंटरनेटची तार द्या."

"देतो की. पण तारेबरोबर फोनही घ्यायचा. फोनचेही दाणे द्यायचे."

आणि माकडाने फोन काढला. काळा. लठ्ठ. ट्रिंग ट्रिंग! पिटीहून मोठा. पिटीच्या बिळाहूनही मोठा!

"अगंबाई! ह्या फोनमध्ये बाळाचं तोंड दिसतं?"

"नाही दिसत."

"मग मला नको. मला हवी नुसती तार."

"नुसती तार मिळणार नाही!"

पिटीने आ वासला. तो मिटेचना. हवी तार, आणि गळ्यात फोन? असं कुठे असतं का?

पिटी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. माकड रोज केळी खायचं. म्हणून पिटी गेली केळीकडे.

"केळबाई, केळबाई, माकडावर रुस. त्याला केळी देऊ नकोस."

"का गं?"

"माकड नुसती तार देईना,
बाळाचं तोंड दिसेना,
आत्याला नाव ठेवता येईना!"

"मी नाही रुसणार जा! पाटाचं पाणी पिते, मजेत डुलते. मी कशाला रुसू?"

"अगंबाई!"

पिटी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली पाटाकडे. पाट वाहत होता. झुळुझुळु झुळुझुळु.

"पाटदादा, पाटदादा, थांब. केळीला पाणी देऊ नकोस."

"का गं?"

"केळ काही रुसेना,
माकड नुसती तार देईना,
बाळाचं तोंड दिसेना,
आत्याला नाव ठेवता येईना!"

"मी नाही थांबणार जा! म्हैस आडवी बसली तरच थांबतो."

"अगंबाई! अगंबाई!"

पिटी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली म्हशीकडे. म्हैस रवंथ करत होती. मच् मच्. मच् मच्.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, उठा. पाटात जाऊन बसा."

"का गं?"

"पाट काही थांबेना,
केळ काही रुसेना,
माकड नुसती तार देईना,
बाळाचं तोंड दिसेना,
आत्याला नाव ठेवता येईना!"

"मी नाही उठणार जा! कुणी कानात गुणगुणलं तरच उठते."

"अगंबाई! अगंबाई! अगंबाई!"

पिटी रडकुंडीला आली. तिकडे बाळ पाळण्यात. पाळणा झुलतोय. आणि आत्याच नाही!

पिटी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. गेली डासाकडे.

"डासोबा, डासोबा, म्हशीच्या कानात गुणगुणा."

"का गं?"

"म्हैस काही उठेना,
पाट काही थांबेना,
केळ काही रुसेना,
माकड नुसती तार देईना,
बाळाचं तोंड दिसेना,
आत्याला नाव ठेवता येईना!"

डास हवेतल्या हवेत थांबला.

"काय? तारेबरोबर फोन? नको असला तरी?"

"हो!"

"काय? बाळाच्या कानात कुर्र्र करायचं राहिलं?"

"हो ना!"

"अरे बाप रे! कानात बोलायचं काम अडलं? ते तर माझंच काम! चल!"

डास गेला म्हशीच्या कानात. गुंईंईं!
म्हैस उठली. पाटात बसली. धबाक्!
पाट थांबला. झुळुझुळु बंद.
केळीची पानं लोंबली. केळ रुसली. फुगून बसली.
माकड आलं केळी खायला.
"आज केळी नाहीत!" केळ म्हणाली. "आधी पिटीला नुसती तार दे!"

"काय?" आता माकडाने आ वासला. तो मिटेचना. "केळी नाहीत? एकही नाही?"

माकड धावलं. तार घेऊन आलं.

"घे बाई पिटी. नुसती तार."

"आणि फोन?"

"फोन राहू दे."

"आणि फोनचे दाणे?"

"तेही राहू देत!"

म्हैस उठली. पाट वाहिला. केळ हसली. माकडाला मिळालं केळं. आणि सगळे निघाले बारशाला. पिटीच्या बिळाशी.

पिटीने तार जोडली. टिंग! पडदा उजळला. बाळ दिसलं! गुलाबी गुलाबी. शेंगदाण्याएवढं. डोळे मिटलेले. वहिनीने बाळाचा कान पुढे केला.

"कुर्र्र! बाळाचं नाव दाणू!"

आत्याने नाव ठेवलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे. रीतच आहे तशी. पण दादा-वहिनी डोंगरापलीकडे. मग धपाटे कोण घालणार?

"मी घालू?" म्हैस म्हणाली. आणि तिने पाय उचलला.

"अगंबाई! मावशी, तुम्ही नको!"

पिटी एवढी ओरडली, एवढी ओरडली, की दाणूने टक्कन डोळे उघडले. पहिल्यांदाच! आणि डोळे उघडल्यावर सगळ्यात आधी कोण दिसलं?

आत्या!

झालं बारसं. वाटल्या घुगऱ्या. एक घास तुला, एक घास मला.