पिल्लं आत, चिचुंद्री बाहेर

एक होती चिचुंद्री, तिची होती चार पिल्लं. एक होता इरबा मिस्त्री, त्याची बायको बायजा. अन् एक होती शाळेची जुनी गाडी, माळावर बाभळीखाली उभी.

गाडी आधी पिवळीधमक होती. पोरं घेऊन पळायची. मग शाळेला नवी गाडी आली. जुनीला कोण विचारतं? तिचा रंग उडाला. तळाला गंज चढला. गंजाला पडलं भोक.

भोकातून चिचुंद्री आत गेली. तुरुतुरु, तुरुतुरु! मागचं लांब बाकडं तिला आवडलं. बाकड्याच्या गादीत होता काथ्या. काथ्यात तिनं घर केलं. पेन्सिलींची सालं अंथरली. कुणाचा तरी हरवलेला रुमाल पांघरला. तिथं चार पिल्लं झाली. मऊ मऊ, करडी करडी.

इकडे इरबा मिस्त्रीचं घर मोडलं. ओढ्याच्या काठाला होतं. रस्ता रुंद करायचा होता ना! माणसं आली, यंत्र आलं. धडाड धूम! भिंत गेली. चूल गेली. बायजा रडली. शेजारी दारं लावून बसले.

इरबा म्हणाला, "बायजे, आता चाकांचं घर करू. कुणी मोडायला आलं, की चाकं फिरवू."

"चाकांचं घर? ते कुठं मिळतं?"

"माळावर शाळेची जुनी गाडी पडलीय की."

"अन् चूल कुठं मांडू हो? ड्रायव्हरच्या मांडीवर?"

"दारापाशी मांड. धूर बाहेर जाईल."

झालं, मिस्त्री लागला कामाला. बाकडी काढली, खटाक खटाक! इंजिन खोललं, इंजिन जोडलं. खिडक्यांना साडीचे पडदे लावले. फळी ठोकली, फळीवर डबे मांडले. मागचं लांब बाकडं तेवढं ठेवलं. म्हणाला, "हा आपला पलंग."

सकाळ झाली. चिचुंद्रीला लागली भूक. आईचं पोट भरलं, तर पिल्लांना दूध मिळणार ना! ती भोकातून बाहेर गेली, रातकिडा शोधायला. तुरुतुरु, तुरुतुरु!

तेवढ्यात मिस्त्रीला दिसलं भोक. "इथून साप येईल. इथून विंचू येईल." त्यानं भोकावर पत्रा ठेवला. हातोडी घेतली. ठाक ठाक ठाक! बाकड्यात वाकून बघितलं? नाही बघितलं. आत कोण राहतं? नाही विचारलं.

चिचुंद्री परत आली. बघते तर काय! भोकच नाही! दार उघडं, पण पायरी उंच. चिचुंद्रीला कुठं उडी मारता येते? तिनं पत्र्याला नाक घासलं. आतून आवाज आला, "चीं चीं! चीं चीं! चीं चीं!"

अन् वर मिस्त्री म्हणत होता, "बायजे, आवर लवकर. ऊन कललं की आपलं घर निघणार."

घर निघणार? म्हणजे पिल्लंही निघणार! चिचुंद्री मिस्त्रीच्या पायाशी गेली.

"मिस्त्रीदादा, मिस्त्रीदादा, पत्रा उचल.
पिल्लं माझी आत, अन् मी बाहेर!"

मिस्त्रीनं नाक धरलं. "शी! काय वास मारतेय! माझं घर मोडलं, तेव्हा कोण आलं? मी नाही उचलायचा. चल, हूट!"

मिस्त्रीची भाकरी फडक्यात बांधून गाडीच्या आरशाला टांगली होती. जवळच बकरी चरत होती. चिचुंद्री गेली बकरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"बकरीबाई, बकरीबाई, मिस्त्रीची भाकरी खा.
मिस्त्री पत्रा उचलेना,
पिल्लं माझी आत, अन् मी बाहेर!"

बकरीनं तोंड फिरवलं. "माझं करडू बाजारात नेलं, तेव्हा कोण आलं? मी नाही खायची. चल, हूट!"

चिचुंद्री गेली कुत्र्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"कुत्रेभाऊ, कुत्रेभाऊ, बकरीवर भुंक.
बकरी भाकरी खाईना,
मिस्त्री पत्रा उचलेना,
पिल्लं माझी आत, अन् मी बाहेर!"

कुत्र्यानं एक डोळा उघडला. "माझ्या पायावर दगड बसला, तेव्हा कोण आलं? मी नाही भुंकायचा. अन् जरा लांबून बोल. वास येतो." त्यानं डोळा मिटून घेतला.

वास नाकाला येतो. पण त्यांनी कानसुद्धा बंद केले!

कुत्र्याच्या कानात बसली होती गोचीड. टम्म फुगलेली, रक्त पिऊन.

"गोचीडबाई, गोचीडबाई, कुत्र्याला चाव.
कुत्रा बकरीवर भुंकेना,
बकरी भाकरी खाईना,
मिस्त्री पत्रा उचलेना,
पिल्लं माझी आत, अन् मी बाहेर!"

गोचीड म्हणाली, "माझ्या बहिणींना रॉकेलात बुडवलं, तेव्हा कोण आलं? मी नाही चावायची. माझं पोट भरलंय. चल, हूट!"

चिचुंद्री पळत गाडीखाली आली. ऊन वर आलं होतं. पत्रा तापला होता. आतून आवाज आला, "चीं चीं... चीं..."

"आले रे आले! रडू नका!" चिचुंद्री म्हणाली अन् गेली कोंबडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"कोंबडीताई, कोंबडीताई, गोचीड टिप.
गोचीड कुत्र्याला चावेना,
कुत्रा बकरीवर भुंकेना,
बकरी भाकरी खाईना,
मिस्त्री पत्रा उचलेना,
पिल्लं माझी आत, अन् मी बाहेर!"

कोंबडी माती उकरत होती. फुर्र फुर्र! माती चिचुंद्रीच्या डोळ्यांत उडाली. "माझी अंडी टोपलीभर नेली, तेव्हा कोण आलं? मी नाही टिपायची. चल, हूट!"

आता राहिला बोका. बाई गं, बोका! चिचुंद्रीला बघितलं की पंजा मारतो. पण पिल्लं आत होती. चिचुंद्री बोक्याच्या मिशीपुढं जाऊन उभी राहिली.

"बोकोबा, बोकोबा, कोंबडीवर झेप घे.
कोंबडी गोचीड टिपेना,
गोचीड कुत्र्याला चावेना,
कुत्रा बकरीवर भुंकेना,
बकरी भाकरी खाईना,
मिस्त्री पत्रा उचलेना,
पिल्लं माझी आत, अन् मी बाहेर!"

बोक्यानं पंजा उचलला, नाकाशी नेला, परत खाली ठेवला. "मला पोत्यात घातलं अन् वेशीबाहेर सोडलं, तेव्हा कोण आलं? मी नाही झेप घ्यायचा. तू घाण वास मारतेस म्हणून वाचलीस. चल, हूट!"

चिचुंद्री परत गाडीखाली आली. पत्र्याला कान लावला.

आतून आवाज नाही.

"बाळांनो?"

आवाज नाही.

चिचुंद्री तिथंच बसली. सगळ्यांकडे जाऊन झालं होतं. ऊन कलायला लागलं होतं. वर मिस्त्रीनं इंजिन चालू करून बघितलं. घर्र घर्र! बंद केलं.

तिच्या शेपटीजवळून एक मुंगळा चालला होता. काळा काळा, एकटाच. चिचुंद्रीनं त्याच्याकडे बघितलं. याला काय सांगायचं? हा तरी कशाला ऐकतोय? तरी ती बोलली. अगदी हळू बोलली.

"मुंगळेदादा, मुंगळेदादा, बोक्याच्या शेपटीला डस.
बोका झेप घेईना,
कोंबडी गोचीड टिपेना,
गोचीड कुत्र्याला चावेना,
कुत्रा बकरीवर भुंकेना,
बकरी भाकरी खाईना,
मिस्त्री पत्रा उचलेना,
पिल्लं माझी आत, अन् मी बाहेर!"

मुंगळा थांबला. त्यानं मिशा हलवल्या.

"माझं वारूळ या गाडीच्या चाकाखाली गेलं," तो म्हणाला. "आई गेली, भाऊ गेले. तेव्हा कोण आलं?"

चिचुंद्री उठायला लागली. पुढचं तिला पाठ होतं. चल, हूट!

पण मुंगळा म्हणाला, "कुणी आलं नाही. कुणी आलं नाही की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी येतो. कुठंय त्याची शेपटी?"

मुंगळा निघाला. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र! बोक्याच्या शेपटीला लागला डसायला.
बोका म्हणाला, "नको नको! डसू नको! मी झेप घेतो!"
बोका निघाला झेप घ्यायला. कोंबडी म्हणाली, "नको नको! झेप घेऊ नको! मी गोचीड टिपते!"
कोंबडी निघाली गोचीड टिपायला. गोचीड म्हणाली, "नको नको! टिपू नको! मी कुत्र्याला चावते!"
गोचीड लागली चावायला. कुत्रा म्हणाला, "नको नको! चावू नको! मी बकरीवर भुंकतो!"
कुत्रा निघाला भुंकायला. बकरी म्हणाली, "नको नको! भुंकू नको! मी भाकरी खाते!"
बकरीनं आरशाकडे मान लांबवली. मिस्त्री ओरडला, "नको नको! खाऊ नको! मी पत्रा उचलतो!"

बघा, आता सगळ्यांना जमलं! सकाळपासून जमत नव्हतं.

मिस्त्रीनं पत्रा उचलला. करकर, करकर! चिचुंद्री आत शिरली. काथ्यात गेली. रुमालाखाली गेली. पिल्लं गप्प पडली होती. तिनं एकाला चाटलं, दुसऱ्याला चाटलं, तिसऱ्याला चाटलं, चौथ्याला चाटलं.

"...चीं."

"चीं चीं!"

"चीं चीं! चीं चीं!"

पिल्लं दूध प्यायली. चुटूक चुटूक! मग चिचुंद्री म्हणाली, "चला. इथं राहायचं नाही."

चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे? पहिलं पिल्लू आईची लव तोंडात धरतं. दुसरं पहिल्याची धरतं. तिसरं दुसऱ्याची. चौथं तिसऱ्याची. कुणी सोडत नाही. अशी सगळी माळ भोकातून खाली आली. तुरुतुरु, तुरुतुरु! मिस्त्रीच्या पायापुढून निघाली.

बायजानं बघितलं. तिच्या हातातला डबा हातातच राहिला.

"अहो, बघा तरी. बिऱ्हाड निघालं."

मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली.

बायजा म्हणाली, "ओढ्यावरून आपण असंच निघालो होतो. तुम्ही पुढं, अन् मी तुमचा सदरा धरून मागं."

मिस्त्री मटकन खाली बसला. "चिचुंद्रे, थांब."

"आता कशाला थांबू?" चिचुंद्री म्हणाली. "सकाळी थांबले होते. तेव्हा तू हूट म्हणालास."

मिस्त्रीनं कात्री घेतली. पत्रा कापला. कचक कचक! एवढंसं दार केलं. दाराला एवढीशी बिजागरी लावली. भोकावर बसवलं. बोटानं ढकललं. टक! आत उघडलं. टक! बाहेर उघडलं.

"साप येणार नाही. तू येशील," तो म्हणाला. "बाकड्यावर आम्ही. बाकड्यात तुम्ही."

"डब्यांपाशी झुरळं फार झालीत," बायजा म्हणाली. "तेवढी खा म्हणजे झालं."

चिचुंद्रीनं मिस्त्रीकडे बघितलं. बकरीकडे, कुत्र्याकडे, कोंबडीकडे, बोक्याकडे बघितलं. सगळे दुसरीकडे बघत होते. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही.

मग तिनं पिल्लांकडे बघितलं. सगळी माळ वळली. नाकानं दार ढकललं. टक! आत गेली. मागून मुंगळाही शिरला.

ऊन कललं. घर निघालं. घर्र घर्र, घर्र घर्र! माळ गेला, ओढा गेला, रुंद रस्ता गेला. लांब एका गुऱ्हाळावर घर थांबलं. तिथं रसाची मोठी कढई फुटली होती. मिस्त्रीनं ती सांधली. गुऱ्हाळवाला म्हणाला, "मिस्त्री, आता कुठं जाता? या आंब्याखाली उभं करा तुमचं घर."

बायजाच्या चुलीवर भाकरी फुगली. मुंगळ्याला गुळाची ढेप सापडली. चिचुंद्रीनं झुरळं खाल्ली, पिल्लं दूध प्यायली, गुबगुबीत झाली. दार वाजायचं, टक टक, टक टक. अन् त्यांना तिथून उठवायला पुन्हा कुणी आलं नाही.