खंड्याची सुटका

दाजीबा खोतांचा शब्द साऱ्या गावात कुणी मोडत नसे. त्यांच्या लेकीने, शालनने, आपल्या मर्जीने लग्न केले, तेव्हा त्यांनी तिला घर बंद केले. पुढे ती आजारपणात लहान मुलीला घेऊन दारात आली, तरी त्यांनी कडी काढली नाही. महिनाभरात ती गेली.

त्याच वर्षी घरच्या खंड्या कुत्र्याने भर दुपारी खुराडे फोडून सात कोंबड्या मारल्या. खोत बंदूक घेऊनच अंगणात आले.

"घरच्याच जिवाचा घात करणाऱ्याला जगायचा हक्क नाही!"

त्यांची सून कुमुद सासऱ्यांपुढे कधी तोंड उघडत नसे. आज मात्र ती खंड्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"मामंजी, त्या कोंबड्या आपल्या घरच्या आहेत, हे या मुक्या जनावराला कळलं नाही. पण शालनवन्सं आपल्या घरच्या होत्या, हे तुम्हाला तर ठाऊक होतं ना?"

खोतांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि ते पायरीवर मटकन बसले.

ते म्हणाले, "खुराड्याला जाळी मारून घ्या. कुत्र्याला दिवसा बांधत जा."

मग खाली मान घालून त्यांनी विचारले, "सूनबाई, शालनची मुलगी आता कुणाकडे असते गं?"