कोपऱ्यातलं झाड

"मग काय उपाशी मारायचं त्यास्नी?" कोंडगिरनं विचारलं. झाडांना घालायच्या पेंडीच्या पाण्याची बादली त्याच्या हातात तशीच होती.

"नुसतं पाणी दे," सोमगिर बाबा म्हणाले.

"तुरं आत्ता कुठं भरायला लागल्यात, बाबा. ह्याच टायमाला खुराक तोडायचा?"

"ह्याच टायमाला."

ही गोष्ट जुनी आहे, गांजाची झाडं लावायला सरकार परवाना देत असे त्या काळातली. डोंगराच्या पोटात गोसाव्यांचा एक लहानसा मठ होता आणि त्यात हे गुरू-शिष्य दोघेच राहत. मठामागच्या वाफ्यात गांजाची पाच-सात झाडं असत. शिवरात्रीला महंतानं त्यातली चिलीम महादेवापुढं ओढायची आणि तिची राख पिंडीला लावायची, अशी तिथली रीत. राख पांढरी पडली की गावकरी समाधानानं घरी जात.

कोंडगिर मठात येण्याआधी तालमीत पैलवानांचा खुराक सांभाळायचा. बदाम वाटावेत, दूध आटवावं ते त्यानंच. आपल्या हातचं खाऊन कुणी वाळलं नाही, हे तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. लहानपणी दुष्काळात त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच मांडीवर उपाशी गेला होता. तेव्हापासून रिकामं ताट दिसलं की त्याचं आतडं तुटायचं. बाबांना हे ठाऊक होतं, म्हणून ते त्याच्यावर कधी ओरडत नसत.

झाडं लावल्यापासून त्यानं ती पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. शेणखत, शेळीच्या लेंड्या, भुईमुगाच्या पेंडीचं पाणी... झाडं त्याच्या खांद्याला लागली होती. आता तुरे पिकायला आले, तर बाबांनी वाफ्याची दोन्ही तोंडं उघडायला लावली. ओढ्याचं पाणी एकीकडून आत येई आणि मुळं धूत दुसरीकडून निघून जाई. जाताना ते तांबूस दिसे.

"सगळं खत वाहून चाललंय, बाबा."

"जाऊ दे."

पाणी दिवसेंदिवस निवळत गेलं. झाडांची खालची पानं पिवळी पडली, मग मधली. कोंडगिरला जेवण जाईना.

एका दुपारी बाबांचा डोळा लागलेला पाहून त्यानं कोपऱ्यातल्या झाडाभोवती मातीचं आळं बांधलं, वाहतं पाणी त्याच्यापुरतं अडवलं आणि बादलीभर पेंडीचं पाणी तिथं ओतलं. मग रोजच ओतू लागला. बाकीची झाडं पिवळी होत गेली आणि हे एकटं हिरवंगार राहिलं. शेवटी त्याला राहवेना. तो बाबांचा हात धरून त्यांना वाफ्यात घेऊन गेला.

"बघा. एवढं एकच जगलं."

बाबांनी झाडावरून हात फिरवला. पायाशी बांधलेलं आळं त्यांना दिसलं होतं.

"ह्याचे तुरे वेगळे वाळव," एवढंच म्हणाले.

शिवरात्रीच्या सकाळी गावकरी यायच्या आधी बाबांनी कोपऱ्यातल्या झाडाची चिलीम भरली. पहिल्याच झुरक्याला त्यांना असा ठसका लागला की कोंडगिर घाबरून पाठ चोळायला धावला. चिलीम उपडी केली, तर राख काळी, कोळशाच्या चुऱ्यासारखी पडली. मग बाबांनी पिवळ्या झाडांपैकी एकाची भरली. धूर अलगद गेला आणि तळहातावर पांढरं भस्म पडलं.

कोंडगिर दोन्ही राखांकडं बघत बसला.

"ते झाड शेवटपर्यंत जेवत राहिलं," बाबा म्हणाले. "त्याला मोकळं व्हायला सवडच मिळाली नाही."

गावकरी आले, पांढरी राख पिंडीला लागली आणि सगळे समाधानानं परतले. कोपऱ्यातल्या झाडाचं नावही बाबांनी कुणापुढं काढलं नाही. कोंडगिरला त्या दिवशी पटलं. निदान झाडांपुरतं तरी पटलं.

चैत्रात बाबांनी अंथरूण धरलं. कुठं दुखत-खुपत नव्हतं, पण भूक गेली होती. कोंडगिर कंबर कसून कामाला लागला. शिरा झाला, बदामाचं दूध झालं, तूप सोडलेली पेज झाली. बाबा त्याचं मन राखायला दोन घास घेत, आणि ते पोटात ठरत नसत. वैद्यानं नाडी धरून आता आग्रह करू नकोस म्हणून सांगितलं, तर कोंडगिरनं त्या भल्या माणसालाच नको नको ते ऐकवलं.

आणि एका सकाळी चमचा जवळ आला तरी बाबांनी ओठ उघडले नाहीत.

"एक घास, बाबा."

बाबांनी मान हलवली.

"मग काय उपाशी मारू तुमास्नी?"

 बोलता बोलता त्याला मांडीवरचा भाऊ आठवला होता.

बाबांनी चादरीखालून हात बाहेर काढला आणि कोंडगिरच्या हातावर ठेवला. हात वाळलेला होता, पिवळा पडला होता. कोंडगिर त्या हाताकडं बघत राहिला...

"नुसतं पाणी दे."

तो उठला. माठापाशी बराच वेळ पाठमोरा उभा राहिला, मग तांब्या घेऊन आला. बाबांनी एक घोट घेतला. तो तोंडात तसाच धरून त्यांनी शिष्याकडं पाहिलं आणि कसाबसा गिळला.

"कोपऱ्यातलं झाड..." ते म्हणाले. डोळ्यांत हसू होतं.

कोंडगिरनं मान खाली घातली. पाण्यात त्यानं गुळाचा खडा विरघळवला होता.

तो बाहेर गेला. तांब्या पालथा केला, राखेनं घासला, ओढ्यावर नेऊन धुतला. तिथंच बसून पोटभर रडला. मग तांब्या भरून आत आला आणि बाबांना मानेखाली हात देऊन उठवलं. बाबांनी तांब्याला तोंड लावलं. घोट घोट करत बरंच पाणी प्याले.

"ह्यात काय बी न्हाई घातलं, बाबा," कोंडगिर म्हणाला.

बाबांनी डोळे मिटले...

"आत्ता गोड लागलं."