खांबावरचे दोन खळगे

"...पण गुरुजी, दोन्ही खळगे सारखे खोल का नाहीत?"

शिनकिचीने विचारलं खरं, पण उत्तराची त्याला फारशी गरज नव्हती. मापं त्याने कधीच घेतली होती. खांबाच्या डाव्या अंगाचा खळगा दोन बोटं खोल, उजव्या अंगाचा जेमतेम दीड. बुजवायला लाकडाचे दोन तुकडेही तासून तयार होते. सांधा शोधायला देवालाही चष्मा लागावा, असा त्याचा हात! आणि हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं.

डोंगरातलं हे जपानी गाव एके काळी चांदीच्या खाणीवर जगायचं. खाण बंद पडली, माणसं पांगली. खाणीचा कारभार पाहणाऱ्या त्सुकादा घराण्याचं घर तेवढं उरलं. म्हातारे सुतार योहेई शिष्याला घेऊन ते दुरुस्त करत होते. दारातला हा खांब शेवटचा.

"तो झाला की तू मोकळा. स्वतःच्या नावाची पाटी लाव," असं ते म्हणाले होते. या एका वाक्यासाठी शिनकिचीने बारा वर्षं रंधा मारला होता.

योहेईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

"ते हातांचे खळगे आहेत."

"हातांचे?"

"खाणीत उतरणारे सकाळी इथून तेल भरलेला दिवा नेत. जाताना डाव्या अंगाला हात लावायचा. संध्याकाळी दिवा परत ठेवताना उजव्या अंगाला. दोनशे वर्षं हीच रीत."

शिनकिची हसला. "म्हणजे जितके हात इकडे, तितकेच तिकडे. मग उजवा खळगा..."

तो मध्येच थांबला.



शिनकिचीने डाव्या खळग्यात तळवा ठेवला. कुणीतरी मापाने कोरल्यासारखा तो आत बसला. मग उजव्यात ठेवला. तिथे तळवा थोडा वरच राहिला.

अर्धं बोट. परत न आलेल्या हातांचं.

एवढं मोठं काही आपण कधी हातात धरलं नव्हतं, असं त्याला वाटलं. तो तिथेच गुडघे टेकून बसला. तासलेले तुकडे कुठे ठेवावेत, हेही त्याला सुचेना.

तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मग हे बुजवायचे नाहीत? आणि माझी पाटी...?"

"बुजव की," योहेई म्हणाले. "फक्त आधी उजवा डाव्याइतका खोल होऊ दे."