रंगामामाने भपकासुर आणला

एका गावात एक भोळा मामा होता, रंगामामा. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे, हीच मोठी पंचाईत होती.

त्याची भाची ओवी कार्डांचा खेळ खेळायची. तिच्यासाठी मामाने तालुक्याहून भपकासुराचं कार्ड आणलं. भपकासुर म्हणजे मुंगसाएवढा काळा प्राणी, पाठीवर पांढरा पट्टा. खाली छापलं होतं, 'याने शेपटी वर केली की समोरचा पळतो.' पण मामाने कार्ड खिशात कोंबलं होतं, त्याचा कोपरा दुमडला. ओवी हिरमुसली. म्हणाली, "मामा, असली वस्तू पिशवीत घालून जाड पुस्तकात दाबून आणायची."

"बरं," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओवीच्या आईने, म्हणजे अक्काने, त्याला जिलबी आणायला धाडलं. मामाने ती पिशवीत घातली आणि ओवीच्या भूगोलाच्या पुस्तकात दाबून आणली. सगळ्या नद्यांना पाकाचा पूर आला. अक्काने कपाळाला हात लावला. आणलेली वस्तू डब्यात ठेवून झाकण घट्ट लावायचं, असं तिने बजावलं.

"बरं," मामा म्हणाला.

मग शेजारच्या काकूंनी कोंबडी दिली. मामाने ती डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. अक्काने झाकण काढलं तेव्हा कोंबडीने डोळे फिरवले होते. अक्का म्हणाली, "अरे बाबा, जिवंत जीव अंगणात मोकळा सोडायचा, पुढ्यात दाणे टाकायचे."

"बरं," मामा म्हणाला.

शनिवारी शाळा भरण्याआधी पटांगणात ओवीचा वर्गातल्या हर्षलशी सामना होता. जो डाव सोडून उठेल तो हरला, आणि त्याचं कार्ड दुसऱ्याचं. ओवीला भपकासुर गमवायची फार भीती वाटत होती. त्या धास्तीत ती कार्डच घरी विसरली. मामाला निरोप गेला, भपकासुर घेऊन ये.

मामाने कार्ड निरखून पाहिलं. चार पाय, दोन डोळे. जिवंत जीव. त्याने भपकासुर अंगणात मोकळा सोडला आणि पुढ्यात दाणे टाकले. अक्काचा बोकड आला. त्याने दाणे खाल्ले आणि भपकासुरही खाल्ला.

मामाने जरा विचार केला आणि बोकडाला दोरी लावून पटांगणात नेलं.

"मामा, भपकासुर कुठंय?"

"आत आहे," बोकडाच्या पोटावर हात ठेवून मामा म्हणाला.

ओवीला रडू फुटलं. तेवढ्यात बोकडाचा वास पसरला. मग त्याने शेपटी वर केली. हर्षल नाक दाबून पळाला, बघायला जमलेली पोरंही पळाली. हर्षलचं आगमुख्या ड्रॅगनचं कार्ड तिथेच राहिलं आणि ओवी डोळे पुसत हसायला लागली.

शाळेची घंटा झाली. तिने आगमुख्या मामाच्या हाती दिला. "घरी नीट ठेव. आणि आता तरी कार्डावर काय लिहिलंय ते आधी वाच, मग काय ते कर."

"बरं," मामा म्हणाला.

शाळा सुटली तशी ओवी धावत घरी आली.

"मामा, माझा आगमुख्या?"

"हौदात बुडवलाय," मामा म्हणाला. "मी वाचलं ना. हा घरं जाळतो, असं लिहिलं होतं."