फणसळकरांच्या नावाची हाक

"सौदा रीतसर झाला. नाव माझं, मालकी माझी. मग बाबा, किंमत गेली कुठे?"

यशोधन तणतणत होता. तंबू-सॅका विकणारा हा गडी गड चढताना दस्तगीरबाबांच्या तकियावर, म्हणजे वाटेवरच्या फकिराच्या मठीत, नेहमी टेकायचा. पण काही विचारायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

कै. फणसळकरांची त्यांच्याच नावाची एक वेबसाइट होती. कुठल्या गडावर, कुठल्या टाक्यात पिण्याजोगं पाणी आहे, एवढंच ती सांगे. गावोगावच्या गिर्यारोहक मंडळांनी आपापल्या साइटवर तिची लिंक दिलेली, म्हणून सर्चमध्ये ती कायम अव्वल. यशोधनने वारसांकडून ते नाव विकत घेतलं, पाण्याची माहिती पुसली आणि तिथे आपलं दुकान थाटलं. आयत्या बिळावर नागोबा!

मंडळांनी एकेक करून लिंक काढली. साइट तळाला गेली. दिवाळीपर्यंत असंच चाललं, तर दुकानाला कुलूप लावून थोरल्या भावाच्या गॅरेजात राबणं आलं.

"मालकच तर बदलला, बाबा! एवढ्यानं..."

बाबांनी माठावरचं झाकण नीट केलं.

इतक्यात वाटेवरून हाक आली. "लाडलेबाबा, पाणी आहे का?"

"आहे, आहे! ये."

दस्तगीरबाबांनी माठातून तांब्या भरून दिला. वाटसरू घटाघटा प्याला, दुवा देऊन गेला.

यशोधन चक्रावला. "लाडलेबाबा तर तुमचे गुरू. ते जाऊन जमाना झाला. तुम्ही ओ कशी दिलीत?"

"त्याला तहान लागली होती."

"पण नाव..."

बाबांनी रिकामा तांब्या त्याच्या हातात ठेवला.

यशोधनने तांब्यात डोकावून पाहिलं. मग उठला, विहिरीवर गेला आणि माठ काठोकाठ भरून ठेवला.

दिवाळीत तो आला तो पेढे घेऊनच.

"बाबा, जिंकलो! फणसळकरांचं पान न् पान परत लावलं. गड चढून टाकी स्वतः तपासली. मंडळं परतली, लिंका परतल्या, सर्चमध्ये पुन्हा पहिला नंबर! दुकान आता एका कोपऱ्यात आहे, तरी जोरात चाललंय!"

आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. साइटवर आता त्याचाच नंबर होता.

"फणसळकर काका?" पलीकडच्या पोराला धाप लागलेली. "लाडलेबाबांच्या तकियाच्या गडावर आहोत. पाणी संपलंय."

यशोधनने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"बोलतोय. दरवाजातून डावीकडे वळा. खांबाचं टाकं लागेल. बिनधास्त प्या, परवाच प्यायलोय मी."

दस्तगीरबाबांनी पेढा तोंडात टाकला.

"आता झाला बघ सौदा रीतसर."